काळ्या रानाखालचा डोंगर

आमच्या घरी दोन पाटे होते, एक काळा आणि एक तांबूस. काळा मायच्या लग्नातला होता. तांबूस पाटा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देगलूरकडच्या खाणीवरच्या दगडातून स्वतः घडवलेला. माय चटणी काळ्यावर वाटायची. तांबड्यावर वाटलेल्या चटणीचा पहिला घास दाताखाली कचकचायचा. "तांबडा दगड दाणा सोडतो," माय म्हणायची आणि तो पाटा मसाल्यापुरता ठेवायची.

आम्ही वडार. दादा दगड फोडायचे. माय टोपलीत टाकी आणि हातोडी घेऊन गावोगाव फिरायची. "टाकी लावायची का जात्याला, पाट्याला?" ही तिची हाळी. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मिरची नुसती सरकते, वाटली जात नाही. मग टाकीनं त्यावर बारीक टिचके मारून तो पुन्हा खडबडीत करायचा. हजारो पाट्यांना तिनं टाकी लावली असेल. लातूर जिल्ह्यातल्या गावांत बहुतेक सगळे पाटे काळे असायचे. देगलूर-बिलोलीकडे गेलं की तांबडे-करडे, ठिपक्याठिपक्यांचे दगड दिसू लागायचे. माझ्या मायला अक्षरओळख नव्हती. पण दोन प्रकारच्या दगडांचा नकाशा तिच्या हातात होता, आणि तो बरोबर होता, हे मला पुढे विष्णुपुरीत कळलं.

टेबलावरचा प्रश्न

नांदेडजवळच्या विष्णुपुरीला गोदावरीवर धरण आहे, काळेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथे मी भूशास्त्र शिकायला आले तेव्हा घरात कुणालाच या विषयाचं नाव नीट सांगता येत नव्हतं. दादा लोकांना सांगायचे, "पोरगी दगडाचंच शिकती."

पहिल्याच महिन्यात आम्हाला दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळाले. दगड घासून घासून 0.03 मिलिमीटर इतका पातळ केला की त्यातून उजेड आरपार जातो. आधी काळा दगड ठेवला, बेसॉल्ट. त्यात बारीक काड्यांचा गुंता दिसला, एकेक काडी डोळ्याला जेमतेम कळेल एवढी. मग तांबूस दगड ठेवला, ग्रॅनाइट. आता भिंगाखाली एकेक स्फटिक अख्खी चौकट व्यापून बसला होता. मायचा 'दाणा' तो हाच.

दाणा मोठा का झाला, याचं उत्तर खडीसाखरेत आहे. साखरेचा घट्ट पाक झटकन थंड केला तर बारीक कणी पडते. तोच पाक दोरा सोडून दिवसच्या दिवस न हलवता ठेवला तर टपोरे खडे धरतात. दगडाचंही तसंच आहे. बेसॉल्ट हा लाव्हा. तो उघड्यावर वाहिला, हवा लागून लवकर थिजला, म्हणून त्याचा कण बारीक. ग्रॅनाइट जमिनीखाली दहा-पंधरा किलोमीटरवर, वरच्या खडकांच्या पांघरुणाखाली लाखो वर्षं निवत राहिला, म्हणून त्याचा दाणा मोठा.

सरांनी तेव्हा विचारलं, "हा दगड एवढ्या खोलीवर तयार झाला आणि आज देगलूरच्या माळावर उघडा पडलाय. मग त्याच्या डोक्यावर जे होतं, ते कुठं गेलं?"

वर्गात कुणीच बोललं नाही. मला दादांची खाण आठवली. डोक्यावर मोकळं आभाळ आणि पायाखाली तांबडा दगड. त्या आभाळाच्या जागी एके काळी डोंगर होता, हे मनात उतरायला मला बरेच दिवस लागले. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि दर वर्षी मुलांना हाच प्रश्न विचारते. पुढे लिहिलंय ते त्याचंच उत्तर आहे.

आपले डोंगर आणि हिमालय

मराठवाड्यात डोंगर म्हटलं की बालाघाट आणि अजिंठ्याची रांग डोळ्यांपुढे येते, पश्चिमेला सह्याद्री. हे डोंगर कुणी वर उचलून घडवलेले नाहीत. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, एकावर एक थर साचले आणि नंतर नद्यांनी ते कोरले. थप्पीतून मधला भाग काढून घेतल्यावर उरलेल्या कडा म्हणजे आपले डोंगर. म्हणूनच त्यांचे माथे सपाट आणि अंगावर पायऱ्या दिसतात.

हिमालयाची जात वेगळी. तिथले थर वाकलेले आहेत, मोडलेले आहेत, एकमेकांवर चढलेले आहेत. त्याचा एक पुरावा आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात आहे. तुळशीच्या लग्नात जो शाळिग्राम ठेवतात, तो नेपाळातल्या काळी गंडकी नदीतून येतो. त्यावरचं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जिवाच्या शंखाचा ठसा. हा जीव समुद्रात राहायचा. मग त्याचा शंख हिमालयात कसा आला? भारत आणि आशिया यांच्यामध्ये एके काळी समुद्र होता. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, समुद्र मिटत गेला आणि सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंड भिडले. समुद्राच्या तळाचा गाळ मधल्या मध्ये चेपला जाऊन वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रातच साचलेला आहे.

खऱ्या अर्थानं 'पर्वतरांग' म्हणतात ती ही: दोन भूखंडांच्या भांडणाचा वळ. देगलूरच्या माळावरून नाहीसा झालेला डोंगर याच जातीचा होता.

वखर आणि वाकळ

पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात. समुद्राखालचं कवच जड असतं, खंडाचं हलकं. दोन्ही समोरासमोर आली की जड कवच हलक्याच्या खाली शिरतं आणि पृथ्वीच्या पोटात उतरत जातं. टक्कर होण्याच्या कितीतरी आधी, कोट्यवधी वर्षं, हे चालू असतं. डोंगर बांधण्याचं निम्मं काम या काळातच होतं.

वखर चालताना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चटकन समजेल. वखराची फास जमिनीत शिरते आणि पुढे सरकते तशी तिच्यासमोर ढेकळं, धसकटं, काशा-कुंदा असं सगळं गोळा होत जातं. काही वेळानं एवढा ढीग होतो की वखर उचलून झटकावा लागतो. समुद्राचं कवच खंडाखाली शिरतं तेव्हा खंडाची कड फासेसारखी काम करते. तळावरचा गाळ, समुद्रातले जुने लाव्हा, चुनखडीचे थर खरवडले जातात आणि खंडाच्या कडेला साचतात. फरक एवढाच की हा वखर झटकायला कुणी नसतं. ढीग चढत राहतो, चेपला जातो, त्याला घड्या पडतात.

समुद्रात मध्येच एखादं ज्वालामुखी बेटांचं वेटोळं असलं तर तेही सरकत सरकत खंडापर्यंत येतं. ते इतकं जाडजूड असतं की खाली जाऊ शकत नाही. मग ते कडेला येऊन चिकटतं. त्याच्या मागून आणखी एक येतं. जुन्या लुगड्यांचे तुकडे एकमेकांना जोडून आमच्याकडे वाकळ शिवतात, तसा खंड तुकड्या-तुकड्यानं मोठा होतो. भूशास्त्रात या चिकटत जाण्याला अभिवृद्धी म्हणतात. मी मुलांना वाकळच सांगते, कारण तीत टाकेही असतात.

हे टाके ग्रॅनाइटचे. खाली उतरणारं समुद्री कवच कोरडं नसतं, त्याच्या खनिजांत पाणी मुरलेलं असतं. खोलवर दाब आणि उष्णता वाढली की ते पाणी बाहेर पडून वरच्या तप्त खडकात शिरतं. कढईत कोरडा गूळ वितळायला वेळ लागतो. पाण्याचा हबका मारला की तो चटकन पाघळतो. खडकाचंही तसंच होतं: पाणी मिळालं की तो कमी उष्णतेत वितळतो. हा रस हलका असल्यानं वर चढतो, वाटेतले खडक आणखी वितळवतो आणि कवचात ठिकठिकाणी मोठमोठे गोळे होऊन थिजतो. दोन तुकड्यांच्या सांध्यावर असा गोळा थिजला की दोन्ही कायमचे जखडले जातात. दादांनी ज्यात आयुष्यभर पाचरी ठोकल्या, तो तांबडा दगड म्हणजे या वाकळीचा टाका.

शेवटी समुद्र पूर्ण मिटतो आणि दोन जाड खंड समोरासमोर येतात. दोन्ही हलके, खाली जायला कुणीच तयार नाही. मग कवच आक्रसतं, एकावर एक चढतं आणि दुप्पट जाड होतं. एरवी खंडाचं कवच 35-40 किलोमीटर जाड असतं. तिबेट-हिमालयाखाली ते 70 किलोमीटरपर्यंत गेलंय. डोळ्यांना दिसते ती आठ-नऊ किलोमीटरची उंची. बाकी सगळं जमिनीखाली मूळ म्हणून उतरलेलं असतं.

आपल्या पायाखाली

नांदेडहून देगलूरकडे निघा. नांदेडजवळ रान काळं, विहिरीच्या कडेचा दगड काळा. देगलूर, बिलोली, मुखेड या तालुक्यांत पोचेपर्यंत काळं पांघरूण विरळ होत संपतं आणि गोल गोल शिळांचे ढीग दिसू लागतात. लाव्हाची चादर इथे संपते आणि तिच्याखालची जुनी जमीन उघडी पडते. ही जमीन पुढे तेलंगण आणि कर्नाटकात दूरवर पसरलेली आहे. गोवळकोंड्याचा किल्ला ज्या शिळांवर उभा आहे त्या, हंपीच्या भोवतीच्या शिळांच्या राशी आणि आमच्या खाणीतला तांबडा दगड हे सगळे एकाच घराण्यातले. या भूभागाला भूशास्त्रात पूर्व धारवाड म्हणतात. त्यातल्या बहुतेक ग्रॅनाइटचं वय 250 ते 270 कोटी वर्षं आहे.

पश्चिमेला, कर्नाटकात, याहून जुना भाग आहे, 300 कोटी वर्षांच्याही पलीकडचा. तो या वाकळीचा मूळ तुकडा. त्याच्या पूर्वेला नवे पट्टे जोडले गेले. दोन्हींच्या मध्ये उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटर पसरलेला एक ग्रॅनाइटचा पट्टा आहे, क्लोजपेट ग्रॅनाइट. बंगळुरूजवळच्या रामनगरचं जुनं नाव क्लोजपेट. 'शोले'मधले ते उंच नागडे कातळ याच पट्ट्यातले. वय सुमारे 250 कोटी वर्षं.

जोडलेल्या तुकड्यांच्या मधून हिरवट-काळ्या खडकांच्या अरुंद पट्ट्या धावतात. हे एके काळचे समुद्रातले लाव्हा आणि गाळ. चित्रदुर्गाजवळ मराडीहळ्ळीला असा लाव्हा उशांवर उशा रचल्यासारखा दिसतो. लाव्हा पाण्यात वाहिला तरच त्याला असा आकार येतो. म्हणजे आज जिथे कोरडा माळ आहे तिथे तेव्हा पाणी होतं. या पट्ट्यांच्या भेगांतून खोलवरचं गरम पाणी फिरलं आणि त्यानं सोनं आणून ठेवलं. कोलारची खाण 2001 मध्ये बंद झाली. रायचूर जिल्ह्यातली हट्टी आजही सोनं देते. डोंगर घडताना गळलेल्या घामाचं सोनं झालं, असं मी मुलांना सांगते, आणि ते मुलांच्या लक्षात राहतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 250 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्यापेक्षा गरम होती, कवच मऊ होतं. त्यामुळे तेव्हा सगळं अगदी आजच्या हिमालयासारखंच घडलं का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. काहींच्या मते तुकडे आडवे सरकत येऊन जुळले. काहींच्या मते पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या उष्णतेच्या स्तंभांचाही यात मोठा वाटा होता. एवढं मात्र नक्की की इथे कवच जाड झालं, तापलं, वितळलं, आणि आज आपण त्याच्या खोल भागावर उभे आहोत.

हे वय कसं कळतं? ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन नावाचे अगदी बारीक कण असतात, वाळूच्या कणाहूनही लहान. घडताना ते थोडं युरेनियम आत घेतात, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाहीत. मग युरेनियमचं ठरलेल्या वेगानं शिसं होत जातं. युरेनियमचा एक प्रकार असा की तो निम्मा व्हायला 447 कोटी वर्षं लागतात, दुसऱ्याला सुमारे 70 कोटी. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ दाखवतात तेव्हा शास्त्रज्ञ त्या वयावर विश्वास ठेवतात.

रामटेकच्या वाटेवरचा दुसरा डोंगर

महाराष्ट्रात असा गेलेला डोंगर एकच नाही. नागपूर-भंडाऱ्याकडे दुसरा आहे, याहून पुष्कळ तरुण. मध्य भारताच्या आडव्या पट्ट्यात उत्तरेचा बुंदेलखंडाचा भूखंड आणि दक्षिणेचा भूखंड जवळ आले, भिडले आणि सांधले गेले. हे एका दिवसाचं काम नव्हतं. साधारण 160 ते 100 कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घ काळात ते टप्प्याटप्प्यानं झालं. पांढुर्ण्याजवळच्या सौंसर गावावरून इथल्या खडकांना 'सौंसर' नाव पडलं. समुद्रात साचलेला चुना दाबाखाली संगमरवर झाला, चिखल अभ्रकानं चमकणारा खडक झाला आणि तळाशी बसलेलं मँगनीज आज मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघतं. तिथल्या मँगनीजच्या एका खडकाला लुईस ली फर्मॉर या ब्रिटिश भूशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या आरंभी 'गोंडाइट' नाव दिलं. त्या मुलखात राहणाऱ्या गोंडांची आठवण अशी जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गेली.

मनसरला मी मुलांना घेऊन गेले होते. तिथल्या एका दगडात काळे-पांढरे पट्टे नागमोडी वळलेले होते, लाटण्याखाली दुमडलेल्या पोळीच्या पदरांसारखे. एका मुलीनं त्या वळणावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, दगड वाकतो?" वाकतो. खोलवर, तापलेला असताना, सावकाश दाबला तर दगडही वाकतो.

डोंगर मरतो कसा

एवढा मोठा डोंगर गेला कुठं? तर पावसानं, नदीनं, उन्हा-थंडीनं नेला. दर वर्षी दशांश मिलिमीटर झीज धरली, तर एक कोटी वर्षांत एक किलोमीटर खडक जातो. पंधरा-वीस कोटी वर्षांत पंधरा-वीस किलोमीटर. पृथ्वीच्या वयात ही काही फार मोठी मुदत नाही.

पण इथे एक गंमत आहे. हिमालयाएवढा डोंगर झिजवायला नुसती त्याच्या उंचीएवढी झीज पुरत नाही. विष्णुपुरीच्या धरणाच्या पाण्यात वाळूनं भरलेली नाव बघा, काठापर्यंत बुडालेली असते. वाळू उतरवली की ती वर येते. कवचही खालच्या जड, सावकाश वाहू शकणाऱ्या खडकावर असंच तरंगतं. वरून एक किलोमीटर खडक गेला की जमीन खालून आठशे मीटरच्या आसपास वर उचलली जाते. झिजतो आणि उठतो, पुन्हा झिजतो, पुन्हा उठतो. खाली उतरलेलं सगळं मूळ असं वर येत येत संपेपर्यंत हे चालतं. शेवटी जमीन सपाट होते आणि जे कधी काळी दहा-पंधरा किलोमीटर खोल होतं ते माळावर येऊन ऊन खातं.

या सपाटपणाचा सर्वांत बोलका पुरावा किल्लारीला मिळाला. 1993 च्या भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल छिद्र घेऊन दगडाचे नमुने काढले. आधी 338 मीटर काळा लाव्हा, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याखाली अवघा 8 मीटर गाळ. आणि त्याखाली एकदम जुना रूपांतरित खडक, सुमारे 250 कोटी वर्षांचा, कवचात खूप खोलवर शिजलेला. डोंगराचं मूळ ते. एक अख्खी पर्वतरांग उठली, झिजली, वाहून गेली, त्यावर उन्हाळे-पावसाळे कोट्यवधी वर्षं फिरले, आणि या सगळ्याची खूण म्हणून दोन खडकांच्या मध्ये 8 मीटर गाळ उरला. दुमजली घराच्या उंचीएवढा. हा आकडा वाचला तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बसून राहिले.

ती पहाट

किल्लारीचं नाव मी आकड्यासाठी घेतलं, पण मराठवाड्यातलं कुणीही ते नाव नुसत्या आकड्यासाठी घेऊ शकत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा निजलेले. मी दहा वर्षांची होते. आम्ही खाणीवर पालात राहायचो. भांडी वाजली, मायनं मला ओढून बाहेर काढलं. आमचं पाल जागचं हललंही नाही. लातूर आणि धाराशिवकडे साडेनऊ हजारांहून जास्त माणसं गेली.

दादा नंतर तिकडे ढिगारे उपसायला गेले. परत आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "भिंती दीड-दीड हात जाड होत्या, पण दगडानं दगड धरलेला नव्हता." जाड भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवायला आरपार जाणारा लांब दगड लागतो. तो नव्हता. मध्ये माती आणि बारके गोटे, वर माळवदाचं मातीचं ओझं. धक्का बसताच भिंती दोन्हीकडे फाकल्या आणि माळवद खाली आलं. 6.2 तीव्रतेच्या भूकंपानं एवढी माणसं मारली ती अशा घरांमुळे. ज्यांनी दगड जन्मभर हाताळला त्यांना हे पाहून काय वाटलं असेल, ते मला मोठेपणी समजलं.

या भूकंपाआधी दख्खनचं पठार 'स्थिर' मानलं जायचं. भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. पुढे 2002 मध्ये नकाशा बदलून त्याला वरच्या श्रेणीत घातलं. स्थिर जमीन हलली का? कारण हिमालय अजून पुरा झालेला नाही. भारताचा भूखंड आजही वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. मी जन्मल्यापासून नांदेड दोन मीटरच्या आसपास पुढे गेलंय. पुढे आशियाची भिंत आहे. हा रेटा नुसता हिमालयातच राहत नाही. तो पूर्ण भूखंडातून मागे येतो आणि जिथे जुन्या कवचात कच्चा सांधा असेल तिथे साठत जातो. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी थंड झालेली वाकळ आजच्या टकरीनं ताणली जाते आणि कधी तरी एखादा जुना टाका उसवतो.

नांदेडकरांना हे परकं नाही. 2006-07 मध्ये शहराच्या काही भागांत जमिनीतून आवाज यायचे, लहान लहान धक्के बसायचे, लोक रात्री रस्त्यावर येऊन बसायचे. मार्च आणि जुलै 2024 मध्ये हिंगोलीकडे केंद्र असलेले 4.5 तीव्रतेचे धक्के नांदेडलाही जाणवले. अशा दिवशी मुलं वर्गात भेदरलेली असतात. मी तेव्हा धडा बाजूला ठेवते आणि दादांचा आरपार दगड सांगते. भूकंप थांबवणं आपल्या हातात नाही. घर कसं बांधायचं ते आहे. ज्यांना पायाखालची जमीन माहीत आहे, त्यांनी तरी भिंतीत बांधणीचा दगड घालायला विसरू नये.

लाल रेती

लातूरकडून येणारी मांजरा बिलोली-देगलूरच्या बाजूनं वाहत जाऊन पुढे तेलंगणाच्या हद्दीवर कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. तिच्या या भागातल्या लाल रेतीला बांधकामवाल्यांत मोठी मागणी आहे. मी एकदा मूठभर रेती पाण्यात धुऊन पांढऱ्या ताटलीत पसरली. काचेसारखे चमकणारे कण क्वार्ट्झचे होते. तांबूस, चपटी बाजू असलेले कण फेल्स्पारचे, ग्रॅनाइटला रंग देतात ते. दादांच्या खाणीतला दगडच तो, सुटा झालेला. डोंगर झिजायचा थांबलेला नाही. जे वर होतं ते गेलं, आता मूळ जातंय, आणि आपण ते ट्रकात भरून घरांच्या भिंतींना लावतोय.

काही वर्षांपूर्वी मुलांना दाखवायला म्हणून मी एक जागा हेरून ठेवली होती. तिथे काळा लाव्हा आणि तांबडा ग्रॅनाइट एकमेकांना टेकलेले दिसायचे. एका बोटाच्या रुंदीत मधली 240 कोटींहून जास्त वर्षं मावायची. मागल्या उन्हाळ्यात गेले तर तिथे खडीचा ढीग होता. खडी लागते, रस्ते लागतात. माझं घरही खडीचंच आहे आणि माझं बालपण खाणीवर गेलं. तरी दगडातला एखादा सांधा राखून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. देवळाची वीट हलवायला आपण कचरतो. हा तर त्या देवळाच्या दगडाच्याही आधीचा ऐवज आहे. तालुक्याला एक जरी असा कातळ राखला, त्यावर चार ओळींची पाटी लावली, तरी कितीतरी पोरं थांबून बघतील.

दादा आता नाहीत. तांबडा पाटा माझ्या स्वयंपाकघरात आहे. मिक्सर आहेच, पण कारळाची चटणी माय अजून पाट्यावर वाटते. काळा पाटा थोरल्या भावाकडे गेला, म्हणून आता हाच. परवा ती उठल्यावर मी पाट्यावर आडवी पट्टी ठेवून मधला खोलगट भाग मोजला. बारा मिलिमीटर. चाळीस वर्षांत बारा, म्हणजे वर्षाला तीन दशांश. पाऊस डोंगर झिजवतो त्याच्या तिप्पट वेग.

"काय मोजलालीस?" मायनं विचारलं.

"तुझा हात," मी म्हणाले.

तिला ते पटलं नसावं. तिनं पाटा धुतला, भिंतीला उभा केला आणि जाता जाता म्हणाली, "पुढच्या आठवड्यात टाकी लावावी लागंल."

त्या रात्री जेवताना चटणीचा पहिला घास किंचित कचकचला. मी तो सावकाश चावला.